बारा व्होल्टांचा आवाज

[दृश्य : अशोक चौकामागची गल्ली. यंत्रमाग चालू. धोट्याचा क्लोज-अप.]

हा सोलापूरचा पूर्व भाग. धोटा इकडून तिकडे जातो, फणी आपटते, चादर बोटबोट पुढे सरकते. इथे दोन माणसांना बोलायचं तर एकमेकांच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. याच गल्लीच्या टोकाला एक दुकान आहे, आणि तिथे ऐकण्याचं काम चालतं.

[दृश्य : दुकान. टेपरेकॉर्डर, उघडे अँप्लिफायर, टेबलावर छोटा काळा डबा.]

दुकानाच्या मालकांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी आयुष्यभर टेपरेकॉर्डर आणि अँप दुरुस्त केले. आता गिऱ्हाईक येतं ते वेगळीच अडचण घेऊन. घरात नवा टीव्ही आला, त्याच्या पाठीला लाल-पांढऱ्या पिनांची जागाच नाही. आणि घरातला जुना अँप ठणठणीत आहे. वडिलांनी घेतलेला, दोन्ही हातांनी उचलावा लागणारा. तो भंगारात किलोवर घालायचा का? मामांचं उत्तर नाही असं आहे, आणि आमचंही.

नव्या टीव्हीची आणि जुन्या अँपची गाठ घालतो तो हा काळा डबा. डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, बाजारात सगळे डॅक म्हणतात. काडेपेटीच्या चार पेट्या जोडाव्यात एवढा.

[दृश्य : ऑप्टिकल केबलचं टोक, त्यात लाल ठिपका.]

हा लाल ठिपका नीट बघा. टीव्हीतून इथवर आवाज येतच नाही, आकडे येतात. आवाजाची लाट सेकंदाला ४८,००० वेळा मोजलेली असते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत ती ४४,१०० वेळा मोजली जाते, आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांची, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी. हे आकडे प्रकाशाच्या उघडझापीने केबलमधून येतात. डब्याचं काम एवढंच की त्यांचं पुन्हा व्होल्टेज करायचं.

[दृश्य : चार स्क्रू निघतात. हिरवं सर्किट बोर्ड.]

आत तीन चिपा महत्त्वाच्या. सीएस८४१६ आकडे उतरवून घेते. सीएस४३९८ त्यांचं व्होल्टेज करते. एनई५५३२ ते गाळून, अँपला पचेल असं करून बाहेर पाठवते. यातली मधली चिप काही ऐरीगैरी नाही, बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात तिची डायनॅमिक रेंज, म्हणजे सगळ्यात मोठ्या आवाजापासून स्वतःच्या खरखरीपर्यंतचं अंतर, १२० डेसिबल दिली आहे. मग स्पीकरला कान लावला की बारीक गुरगुर का येते? पाणी कुठे मुरतंय?

[दृश्य : अँपच्या पत्र्यावर टेस्टर. दिवा मंद पेटतो. अडॅप्टर निघतो, दिवा विझतो.]

हे आम्ही पुन्हा करून दाखवायला सांगितलं. अडॅप्टर लावला की अँपच्या पत्र्यावर टेस्टर पेटतो, काढला की विझतो. टीव्ही आणि डबा यांच्यामध्ये फक्त प्रकाश आहे, तांब्याची तार नाही. म्हणजे टीव्हीतला विजेचा कचरा त्या वाटेने येऊ शकत नाही. उरला बारा व्होल्टांचा दोन पिनांचा अडॅप्टर. तो आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, आणि त्याच्या २३० व्होल्टच्या बाजूपासून १२ व्होल्टच्या बाजूपर्यंत एक छोटा कपॅसिटर पूल घालून बसलेला असतो. त्यातून गळणारा थोडासा करंट डब्यात जातो, डब्यातून अँपमध्ये. पत्र्याला हात लावला की येणाऱ्या मुंग्या त्याच्याच, आणि गुरगुरही त्याचीच.

चिप बदला, महागडी केबल घ्या, असं सांगणारे पुष्कळ आहेत. मामा आधी वीज बघतात.

[दृश्य : वायंडिंगचं दुकान. बॉबिनवर तांब्याची तार चढते.]

मागांच्या मोटरी जळतात, म्हणून पूर्व भागात मोटर वायंडिंगची दुकानं आहेत. त्यातल्याच एका दुकानात अण्णा बसतात. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आकडे मात्र कुठल्याच भाषेत बोलत नाहीत, बोटांवर मोजतात. अडॅप्टरच्या जागी बसवायला मामांनी त्यांच्याकडे एक छोटा ट्रान्सफॉर्मर सांगितला आहे.

गाभा एक चौरस इंचाचा. या मापाला एका व्होल्टमागे तारेचे साधारण सात फेरे धरतात. २३० व्होल्टला १,६१०. पलीकडे १५ व्होल्टला १०५, आणि लोड आल्यावर व्होल्टेज उतरतं ते भरून काढायला वर पाच-सहा.

डबा १२ व्होल्टचा आणि ट्रान्सफॉर्मर १५ चा, असं का? त्याचं कारण मामांच्या भिंतीवरच्या मीटरमध्ये दिसतं.

[दृश्य : भिंतीवरचा मीटर, काटा २०० वर.]

संध्याकाळी माग आणि कूलर एकदम चालू असतात तेव्हाचा हा काटा. पुढे जो ७८१२ रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज एकसारखं ठेवणारी चिप, बसणार आहे, त्याला १२ व्होल्ट द्यायला आत किमान १४ लागतात. एसीचं डीसी करताना आकडा थोडा चढतो, पण बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असता तर २०० च्या लाइनवर तो धरूनही रेग्युलेटरकडे जेमतेम १३ पोचले असते, आणि गुरगुर पुन्हा सुरू. म्हणून पंधरा. जास्तीचं व्होल्टेज उष्णता होऊन जातं, त्यासाठी ॲल्युमिनियमचा हीटसिंक. पुस्तकात बारा चाललं असतं, या गल्लीत चालत नाही.

[दृश्य : तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळताना अण्णांची बोटं. संपूर्ण कृती, कट न करता.]

आता हे बघा. प्रायमरी, म्हणजे २३० व्होल्टची गुंडाळी संपली, सेकंडरी, म्हणजे १५ व्होल्टची, अजून सुरू व्हायची आहे. मधे अण्णा तांब्याच्या पातळ पत्र्याचा एकच वेढा देतात. याला शील्ड म्हणतात. पत्र्याची तार अर्थिंगला जाईल, आणि लाइनमधून उडी मारून पलीकडे जाणारा कचरा इथेच जमिनीत उतरेल. पण पत्र्याची दोन टोकं एकमेकांना टेकली, तर तो वेढा बंद होतो, त्यात करंट फिरतो आणि ट्रान्सफॉर्मर तापून जळतो. म्हणून टोकं एकमेकांवर येतात, पण मधे कागद.

मामा दारातून एवढंच म्हणतात, "अण्णा, कागद दोन पदरी घाला की ओ."

अण्णांनी आधीच घातला आहे.

मग स्टॅम्पिंग. ई आणि आय आकाराच्या पत्र्या एकाआड एक. शेवटची पत्री लाकडी ठोकळ्याने हळूच ठोकून बसवतात. वार्निशमध्ये बुडवून गच्चीवर. सोलापूरच्या एप्रिलमध्ये वाळवायला भट्टी लागत नाही.

[दृश्य : सोल्डरिंग. धूर. बोर्डवर नवे कपॅसिटर.]

डब्यात काम थोडं आहे. हा सगळा बोर्ड एकाच १२ व्होल्टवर चालतो, त्यामुळे एनई५५३२ च्या आउटपुटला कायम सहा व्होल्ट डीसी असतो. तो अडवायला दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आहेत. ते उन्हाळ्यात आतून सुकतात. मामा त्यांच्या जागी २.२ मायक्रोफॅरडचे फिल्म कपॅसिटर घालतात, सुकण्याचा प्रश्नच मिटतो. आकाराने मोठे म्हणून आडवे निजवलेत. अँपचा इनपुट ४७ किलोओहमचा, म्हणजे खालच्या सुरांची हद्द दीड हर्ट्झच्या आसपास. ढोलाच्या कुठल्याही ठोक्याला भरपूर.

आणि एनई५५३२? ती तशीच ठेवली. स्टुडिओतल्या मिक्सरमध्ये ही चिप वर्षानुवर्षं चालली आहे, आणि तिच्या जागी घाला म्हणून मिळणाऱ्या भारी नावाच्या चिपांत नकली माल खूप. फक्त तिच्या आठव्या आणि चौथ्या पिनेला अगदी खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर.

[दृश्य : मामांच्या घरची खोली. दोन सारखे डबे, वर सोलापुरी चादर.]

एक डबा कंपनीचा तसाच, एक मामांचा. चादरीखाली कुठला कुठे, हे फक्त कॅमेऱ्याला माहीत. त्याआधी १,००० हर्ट्झचा सूर लावून दोन्हींचं व्होल्टेज मीटरवर एक टक्क्याच्या आत जुळवलं, कारण जरासं मोठं वाजणारं कानाला नेहमीच चांगलं वाटतं. ऐकण्याच्या गप्पांत ही पायरी सगळे गाळतात, आणि निम्मे वाद तिथेच जन्मतात.

ऐकायला मामा, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी त्यांची भाची, आणि शेजारचे आजोबा, मागांवर देखरेख करणारे निवृत्त जॉबर. काहीच वाजत नसताना, स्पीकरशी कान नेऊन, मामांनी आणि भाचीने दर वेळी बरोबर डबा दाखवला. तंबोऱ्यावर भाचीचं बहुतेक वेळा जमलं. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांपुढे वाजणाऱ्या हलगीच्या रेकॉर्डिंगवर कुणालाच फरक सांगता आला नाही. आजोबांना शांततेतही नाही. मागांच्या आवाजात कानाचा ४,००० हर्ट्झच्या आसपासचा भाग आधी जातो.

[दृश्य : आजोबांचा चेहरा. निवेदन नाही.]

[दृश्य : कागदावर हाताने काढलेला सर्किटचा नकाशा.]

हा नकाशा मामांनी सगळ्यांसाठी काढून दिलाय. व्हिडिओ थांबवून उतरवून घ्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुट पीसीएमवर ठेवा, नाहीतर डब्यातून आवाजच येणार नाही. २३० व्होल्टच्या बाजूला फ्यूज हवाच, ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला अर्थिंग हवं, आणि ती बाजू स्वतः जोडू नका. आपल्या गावातल्या वायंडिंगवाल्याकडे जा. शील्ड मागा.