भोक बुजवण्याआधी

आज ज्या प्राण्याबद्दल बोलायचंय त्याला मराठीत रुळलेलं नाव नाही, म्हणून आपण मार्टेनच म्हणू. अंगानं मांजराएवढा पण सडपातळ, चॉकलेटी केस, गळ्याखाली पिवळसर पट्टा, झुबकेदार शेपूट. पाहताना मुंगूस आठवतं, पण भाऊबंदकी पाणमांजराशी. मी बोलणार आहे ब्रिटनमधल्या पाइन मार्टेनबद्दल. सापळे आणि जंगलतोड यांनी तिथे हा प्राणी जवळजवळ स्कॉटलंडपुरताच उरला होता. आता तो पुन्हा पसरतोय. २०१५ ते २०१७ या काळात स्कॉटलंडमधून ५१ मार्टेन नेऊन वेल्सच्या जंगलात सोडले गेले. प्राणी पसरला की माणसाच्या घराशी गाठ पडणारच.

ती गाठ बहुतेकदा पोटमाळ्यावर पडते. एप्रिलच्या रात्री छतावर धावपळ ऐकू येते. घरमालक टॉर्च घेऊन वर चढतो. छताच्या कडेला एक फट सापडते, तीही जेमतेम साडेचार सेंटिमीटरची. मार्टेनला तेवढी पुरते. ‘आत्ता बाहेर गेलेली दिसतेय’ म्हणून तो फट बुजवून टाकतो आणि निर्धास्त झोपतो. पिल्लं मात्र आतच असतात. डोळे न उघडलेली, दोन किंवा तीन.

म्हणून हातोडी उचलण्याआधी मादीचं वेळापत्रक समजून घ्या. मिलन होतं जुलै-ऑगस्टमध्ये, पण गर्भ महिनोन्‌महिने तसाच थांबून राहतो. गर्भाशयात रुजतो तो हिवाळा सरत आल्यावर, आणि त्यानंतर साधारण महिन्याभरात, मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये, पिल्लं जन्मतात. ती जून उजाडेपर्यंत आई सांगेल तिथेच असतात. म्हणजे मार्च ते जून माळ्याला हात लावायचा नाही. तिथला कायदाही हेच बजावतो. १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली मार्टेनला आणि तिच्या आसऱ्यालाही संरक्षण आहे. वापरातली वाट बंद करायची तर आधी परवानगी घ्यावी लागते.

पण तिला आपलं छत का आवडावं? हौस म्हणून नक्कीच नाही. लांबोळक्या, बारीक अंगातून ऊब भराभर निघून जाते, म्हणून कोरडी, उबदार, जमिनीपासून उंच ढोली हवी. अशी ढोली म्हाताऱ्या झाडात असते आणि लागवडीच्या जंगलात झाड म्हातारं होण्याआधीच कापलं जातं. युरोपच्या मुख्य भूमीवर काळा सुतार पक्षी मोठमोठी भोकं कोरून ठेवतो, ती मार्टेनला आयती मिळतात. ब्रिटनमध्ये तो पक्षीच नाही. मग मार्टेन घुबडांच्या पेटीत घुसते, गोल्डनआय बदकांसाठी टांगलेल्या पेटीत घुसते, नाहीतर तुमच्या माळ्यावर.

तेव्हा आधी पर्यायी घर, म्हणजे तिच्यासाठी बनवलेली लाकडी पेटी, द्यायचं आणि मग जुनं बंद करायचं. हा क्रम उलटा झाला तर ती दुसरी फट शोधते, कदाचित शेजाऱ्याच्या छतात.

आता पेटीकडे वळू. पक्ष्यांच्या पेटीचं भोक समोर असतं. मार्टेनच्या पेटीची दारं मागच्या बाजूला, बुंध्याला चिकटून, खाली कडेला ठेवतात. ती खोडावरून सरपटत वर येते आणि थेट आत शिरते. समोरून वारा-पाऊस शिरायला वावच राहत नाही. दारातून आत आलं की आधी अरुंद बोळ, मग फळीचा उंच उंबरठा, आणि त्यापलीकडे पिल्लांची खोली. उंबरठा उंच, म्हणजे रांगणारं पिल्लू लवकर बाहेर पडून कोसळत नाही. तळाला लाकडाचा कोरडा भुसा. प्लायवूड जाड घ्या, भिंत दुहेरी करून मध्ये उष्णतारोधक थर भरलात तर सोन्याहून पिवळं. पेटी जड होते, त्यामुळे ती एकट्यानं शिडीवर चढवायचं धाडस करू नका. जमिनीपासून चारेक मीटर उंचीवर, धडधाकट झाडाला, रस्त्यापासून लांब बांधा. झाड नसेल तर इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवरही बसवता येते.

एकीवर भागत नाही हेही सांगतो. मार्टेन एकाच घरात टिकत नाही, मादी पिल्लांना मानेला धरून एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवते. दोन-तीन पेट्या लावा. शरद ऋतूत लावल्या तर हिवाळाभर तिला त्या हुंगून बघायला वेळ मिळतो.

कोंबड्या पाळत असाल तर त्यांचं खुराडं आधी पक्कं करा. आत शिरलेली मार्टेन एकीवर थांबत नाही, दिसेल तेवढ्या मारते. त्याबद्दल तिला शिव्या देऊन उपयोग नाही, जाळी बारीक करा. स्कॉटलंडमध्ये काही लोक तिच्यासाठी खिडकीबाहेर जॅम लावलेला पाव ठेवतात. खाताना ती गोड दिसते, कबूल, पण मला हा लाड पटत नाही. ज्या छतातून तिला हलवायचं, त्याच छताखाली पंगत मांडायची?

जर्मनीकडचा स्टोन मार्टेन हे वेगळंच प्रकरण आहे. तो गाडीच्या बॉनेटखाली शिरून वायरी कुरतडतो. दुसऱ्या नराचा वास लागला की जास्तच. त्यावर पेटी हा इलाज नाही.

शेवटी नेहमीचा प्रश्न: पेटीत कुणी राहतंय हे कळणार कसं? झाकण उघडून तर मुळीच बघू नका, पिल्लांच्या दिवसांत त्यालाही परवाना लागतो. खाली उभं राहून दुर्बिणीतून छपराकडे बघा. मादी पिल्लांसह राहत असेल तर छपरावर काळपट, पीळ पडलेल्या लेंड्यांचा ढीग साठत जातो.