लॅनरकॉस्ट प्रायरी: अर्धे चर्च छताखाली, अर्धे उघड्यावर का?

नमस्कार. इंग्लंडच्या उत्तर टोकाला, कंब्रिया परगण्यात, इर्थिंग नदीच्या काठी लॅनरकॉस्ट नावाचा एक जुना ख्रिस्ती मठ आहे. त्याची छायाचित्रे मी या चॅनेलवर दाखवली तेव्हापासून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येत राहिला आहे. एकाच चर्चचा पश्चिमेकडचा भाग शाबूत असून तिथे आजही उपासना होते, आणि त्याला लागून असलेला पूर्वेकडचा भाग मात्र छताविना उभा आहे, हे कसे? बहुतेक वेळा या प्रश्नाखाली दुसऱ्या एखाद्या प्रेक्षकाने उत्तरही दिलेले असते, की स्कॉटलंडच्या सैन्याने तो पाडला. हे उत्तर मला अजिबात मान्य नाही, आणि आजचा व्हिडिओ मुख्यतः त्यासाठीच आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. प्रायर या पदावरचा धर्मगुरू ज्याचा प्रमुख असतो तो मठ म्हणजे प्रायरी. ही प्रायरी ११६९ च्या सुमारास गिल्सलंडचा जहागीरदार रॉबर्ट दे व्हो याने स्थापन केली आणि संत मरिया मग्दालेना हिला अर्पण केली. येथे राहणारे धर्मगुरू ऑगस्टिनियन परंपरेचे होते. ते व्रतस्थ राहून एकत्र जेवत व प्रार्थना करत, पण आसपासच्या गावांतल्या चर्चची सेवाही त्यांच्याकडे असे. ही शेवटची गोष्ट कृपया ध्यानात असू द्या, कारण तिचा पुढे फार मोठा उपयोग होणार आहे.

दगडांविषयी मात्र मला सविस्तर बोलायचे आहे. रोमन सम्राट हेड्रियन याने इसवी सन १२२ मध्ये सुरू केलेली प्रसिद्ध भिंत प्रायरीच्या उत्तरेला, पायी जाता येईल इतक्या अंतरावरून जाते. बाराव्या शतकातल्या गवंड्यांना घडवलेले, चौकोनी, हाताळायला सोपे दगड असे आयते मिळाले आणि त्यांनी ते मोकळेपणाने वापरले. प्रायरीच्या बांधकामात रोमन अक्षरे कोरलेले दगड आजही दिसतात, आणि भोजनशाळेच्या खालच्या कमानदार तळघरात रोमन वेद्या मांडून ठेवल्या आहेत. मी त्या तळघरात गेले तेव्हा बाहेर पावसाची रिपरिप चालू होती आणि आतले दगड कोरडे होते. एखाद्या वास्तूवर छप्पर असणे म्हणजे काय, हे मला कोणत्याही पुस्तकापेक्षा तिथे नीट कळले. एका प्रेक्षकाने लिहिले होते की रोमनांचे दगड उचलून नेणे म्हणजे चोरीच झाली. मी त्याकडे तसे पाहत नाही. ज्या भिंतीचे काम कित्येक शतकांपूर्वीच संपले होते, तिचे दगड या मठामुळे टिकले आणि त्यांवरची अक्षरे आज आपल्याला वाचता येतात.

आता स्कॉटिश सैन्याकडे वळू. सीमा जवळ असल्यामुळे लॅनरकॉस्टला युद्धाची झळ वारंवार बसली, यात शंका नाही. १२९६ मध्ये मठाच्या इमारतींना आग लावली गेली, पुढच्याच वर्षी स्कॉटिश सेनानी विल्यम वॉलेसच्या माणसांनी लूट केली, १३११ मध्ये खुद्द स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याने येथे तळ ठोकून काही धर्मगुरूंना कैदेत टाकले, आणि १३४६ मध्ये राजा दुसरा डेव्हिड याच्या सैन्याने मठ पुन्हा धुऊन नेला. मधल्या काळात आपल्याच राजाचा पाहुणचार करणेही मठाला कमी महागात पडले नाही. आजारी आणि वृद्ध झालेला इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड १३०६ च्या शरद ऋतूत येथे आला आणि दरबाऱ्यांसह, नोकरचाकरांसह सुमारे पाच महिने राहिला. एवढ्या लवाजम्याला हिवाळाभर पोसताना एका ग्रामीण मठाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करता येते. राजालाही याची जाणीव होती. मठाची हानी भरून निघावी म्हणून मिटफर्ड आणि कार्लाटन या दोन चर्चचे उत्पन्न त्याने मठाला मिळवून दिले. त्यानंतर ७ जुलै १३०७ रोजी सीमेजवळच्या बर्ग बाय सँड्स येथे त्याचा मृत्यू झाला.

हे सारे खरे आहे, आणि तरीही आजच्या पडझडीचे कारण ते नाही. साधा हिशोब करून पाहा. शेवटची मोठी लूट १३४६ मध्ये झाली आणि छोटे मठ बंद करण्याचा इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचा कायदा १५३६ मध्ये आला. मधली तब्बल १९० वर्षे येथे प्रार्थना होत होती, लोकांचे दफनविधी होत होते, आणि सरदार डेकर घराण्याची भव्य थडगी उभी राहत होती. थॉमस लॉर्ड डेकर, जो १५१३ च्या फ्लॉडनच्या लढाईत लढला आणि १५२५ मध्ये वारला, त्याचे थडगे याच पूर्वेकडच्या, आज उघड्या असलेल्या भागात आहे. पडक्या, गळक्या जागी कोणता सरदार आपले थडगे बांधून घेईल?

मग घडले काय? १५३६ च्या कायद्यानुसार वर्षाला २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेले मठ राजाकडे जमा होणार होते. लॅनरकॉस्टचे उत्पन्न होते अवघे ७७ पौंडांच्या आसपास. त्याच सुमारास उत्तरेत राजाविरुद्ध उठाव झाला आणि दोषी धर्मगुरूंना विनाविलंब फासावर चढवण्याचा हुकूम देणाऱ्या राजाच्या पत्रात ज्या मठांची नावे आली, त्यांत लॅनरकॉस्टही होते. पुढे १५४२ मध्ये ही मालमत्ता डेकर घराण्यातल्याच दुसऱ्या एका थॉमस डेकरला देण्यात आली.

मठ बंद झाला की राजाचे अधिकारी आधी छताकडे पाहत. छतावर शिशाचे जाड पत्रे असत आणि शिशाला चांगला भाव होता. शिसे आणि घंटांचा धातू राजाचा, हा त्या काळचा सर्वसाधारण नियम होता. लॅनरकॉस्टमध्येही मठाच्या राहत्या इमारतींची छपरे उतरवली गेली. आपल्याकडे कौलारू घर काही पावसाळे शाकारलेच नाही तर वासे कुजतात आणि मग भिंतीच्या डोक्यावरून पाणी आत मुरू लागते. तिथेही नेमके हेच झाले, आणि इंग्लंडच्या उत्तरेत त्यात भर पडते ती हिवाळ्याची. मुरलेले पाणी गोठते, फुगते आणि सांध्यांतला चुना सुटा करते. या कामासाठी तोफ लागत नाही.

ज्यांना अजूनही माझे म्हणणे पटलेले नाही, त्यांनी चर्चच्या पूर्वेकडच्या भिंती डोळ्यांनी पाहाव्यात. त्या जवळजवळ पूर्ण उंचीच्या आहेत. खाली कमानी, वर खिडक्यांची रांग आणि त्या खिडक्यांसमोरून भिंतीच्या जाडीतून जाणारी अरुंद वाट, हे सगळे जागेवर आहे. सैन्याने पाडायलाच घेतले असते तर सर्वांत नाजूक असलेले हे वरचे खांब आधी गेले असते. तिथे नाही ते फक्त छप्पर.

आणि उरले काय, तेही पाहा. चर्चचे पश्चिमेकडचे मुख्य दालन उरले, कारण ते गावाच्या उपासनेसाठी लागत होते; धर्मगुरू गावाची सेवा करत असे मी म्हटले होते, ते याचसाठी. मठाच्या मधल्या चौकाभोवतीच्या इमारतींची पश्चिम बाजू उरली, कारण थॉमस डेकरने तिचे राहते घर केले. तिथल्या मोठ्या दालनात सोळाव्या शतकातल्या भित्तिचित्रांचे अवशेष आजही दिसतात. तळघर उरले, कारण ते दगडी कमानींवर तोललेले आहे आणि त्याला शिशाची गरजच नव्हती. ज्या भागाचा कोणाला काही उपयोग होता तो राहिला, आणि धर्मगुरू गेल्यावर ज्याला कोणी वाली उरला नाही तो उघडा पडला.

गावाच्या वाट्याला आलेला भागही आपोआप टिकला नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. मुख्य दालनाची दुर्दशा होत गेली तशी गावकऱ्यांनी उत्तरेकडच्या अरुंद बाजूच्या पट्ट्यात उपासना चालू ठेवली. १७४० च्या दशकात दालनावर पुन्हा छप्पर घातले गेले. १८४७ पर्यंत त्याच्याही पूर्वेकडच्या टोकाचे छप्पर कोसळले होते. अँथनी साल्विन या वास्तुविशारदाने १८४९ मध्ये मोठी दुरुस्ती केली आणि १८७० च्या दशकात कार्लाइलच्या सी. जे. फर्ग्युसन यांनी ते काम पुढे नेले. आज आपण ज्याला शाबूत भाग म्हणतो, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची वर्गणी आणि घाम आहे. त्याला केवळ नशिबाने वाचलेली इमारत म्हणणे मला त्या माणसांवर अन्याय करण्यासारखे वाटते.

लॅनरकॉस्ट बखरीबद्दलही बऱ्याच जणांनी विचारले आहे. १३४६ पर्यंतच्या घटना सांगणारी ही लॅटिन बखर या मठाच्या नावाने ओळखली जाते खरी, परंतु तिच्या मुळाशी फ्रान्सिस्कन या दुसऱ्याच ख्रिस्ती पंथातल्या साधूंचे लेखन असावे असे अभ्यासक मानतात. त्यामुळे तिच्यातले प्रत्येक वाक्य मठातल्या प्रत्यक्षदर्शीचे समजू नये.

तिथे जाणार असाल तर मुख्य दालनात ठेवलेल्या दगडी क्रुसाच्या खांबापाशी नक्की थांबा. त्याचा बुंधा बाहेर हिरवळीवर आहे. खांबावरचा कोरीव लेख तो क्रूस १२१४ साली घडवल्याचे सांगतो. त्या वेळी इंग्लंडमध्ये जॉन, स्कॉटलंडमध्ये विल्यम आणि फ्रान्समध्ये फिलिप राज्य करत असल्याचे त्यात नोंदवले आहे, आणि पोपने इंग्लंडमधल्या उपासनेवर घातलेल्या बंदीचे ते सातवे वर्ष होते, हेही. पुढे १६५७ मध्ये कोणीतरी हाच खांब आपल्या माणसाच्या थडग्यावरचा दगड म्हणून वापरला, म्हणून त्यावर तो दुसरा लेखही आहे. दोन्ही लेख नीट वाचायचे असतील तर सोबत विजेरी घेऊन जा आणि उजेड बाजूने, तिरका पाडा.