११५ मिलिमीटरची उचल

(वरूड येथे संत्रा प्रतवारी केंद्रांतले कामगार, गोदाम सांभाळणारी मंडळी आणि आयटीआयचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, माल रचलेली लाकडी चौकट, म्हणजे पॅलेट, दोन लांब लोखंडी काट्यांवर उचलून हाताने ओढून न्यायची ही गाडी इथे समोर उभी आहे. तिला कुणी हँड पॅलेट म्हणतं, कुणी ट्रॉली, तर कुणी नुसतंच 'हायड्रॉलिक'. संत्र्याला मेणाचा लेप देणाऱ्या कोटिंग शेडमध्ये, जिनिंगमध्ये, तूर-सोयाबीनच्या गोदामांत ती आता सर्रास दिसते. आज मी फक्त तिच्या उचलण्याच्या यंत्रणेबद्दल बोलणार आहे. माझं म्हणणं एवढंच की या गाडीचं सगळं कौतुक पंपाच्या वाट्याला जातं, पण खरी करामत आणि खरं दुखणंही काट्याच्या पोटात दडलेल्या लिंक-रॉडमध्ये, म्हणजे पंपाची उचल पुढच्या टोकापर्यंत पोचवणाऱ्या लांब सळईत, आहे. गाडी उलटी करून ते पोट पाहणारा माणूस विरळा. आयटीआयच्या पोरांनी तरी ते पाहावं, म्हणून आज आलो.

आधी उचलीचं माप घ्या. काटा खाली असताना त्याचा माथा जमिनीपासून ८५ मिलिमीटरवर असतो, पूर्ण वर नेला की २००. म्हणजे उचल ११५ मिलिमीटरची, जेमतेम साडेचार इंच. पॅलेटच्या पोटात काटा शिरायला साधारण १०० मिलिमीटरची मोकळीक ठेवलेली असते. त्यामुळे पहिले १५ मिलिमीटर काटा नुसता हवेतच चढतो, मग फळीला टेकतो आणि माल उचलायला उरतात १००. एवढ्यात भागतं, कारण या गाडीला थप्पी लावायची नाही. माल जमिनीपासून सोडवायचा आणि हलवायचा. वजन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये आणि जमिनीलगत राहतं, म्हणून मागे लोखंडाचं ओझं न बांधताही ती उलटत नाही. २५०० किलो पेलणारी गाडी एक माणूस हाताने फिरवतो, त्याचं मूळ या कमी उचलीत आहे.

आता पंप. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कल सतराव्या शतकात सांगून गेला. त्यावर जोसेफ ब्रामाने १७९५ साली इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. आपल्या जिनिंगमधली कापसाची १७० किलोची गाठ बांधणारी प्रेस त्याच घराण्यातली आणि ही गाडीही. ब्रामाला छळलं ते गळतीने. दट्ट्याभोवतीचं सील टिकेना. तेव्हा त्याच्याच कारखान्यात काम करणाऱ्या हेन्री मॉड्सलेने कातड्याचं वाटीसारखं सील सुचवलं, असं मानलं जातं. दाब वाढेल तसं ते सील भिंतीला आणखी घट्ट चिकटतं. आज कातड्याच्या जागी रबर आलं, तत्त्व तेच राहिलं.

हिशेब मांडू. रॅम, म्हणजे काटे उचलणारा मोठा दट्ट्या, ३५ मिलिमीटर जाडीचा धरा, त्याचं क्षेत्रफळ साडेनऊ चौरस सेंटिमीटरपेक्षा थोडं जास्त. २५०० किलो त्यावर आले की तेलातला दाब दर चौरस सेंटिमीटरला २६० किलो. मालट्रकच्या टायरमध्ये आठच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. हँडलने दाबायचा छोटा दट्ट्या १८ मिलिमीटरचा. त्याच्यावर पडतात ६६० किलो. हँडलची लांबी आणि त्याच्या मुळाशी दट्ट्यावर टेकणाऱ्या छोट्या रोलरचं अंतर यांचं प्रमाण २५ ला १ धरलं, तर हाताला जोर लागतो २६ किलोचा. २५ मिलिमीटरच्या एका दाबात रॅम साडेसहा मिलिमीटर चढतो, म्हणून पूर्ण उचलायला १७-१८ वेळा हँडल मारावं लागतं. आपल्याकडे चाळीस क्रेट संत्र्याचं पॅलेट, क्रेटमागे वीस किलो धरून, फळ्या आणि क्रेट यांच्या वजनासकट ९०० किलोच्या घरात जातं. त्याला हातावर नऊ-दहा किलो. ज्याने उभं आयुष्य १०० किलोचं पोतं पाठीवर वाहिलं, त्याच्यासाठी हा आकडा किती मोलाचा आहे, ते मी इथे बसलेल्या वयस्कर मंडळींना सांगायला नको. माणसाने हाताने वाहायच्या ओझ्याची वरची मर्यादा ५५ किलो असावी, ही शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केली. आपल्या गोदामांत ती पोचायला फार उशीर झाला.

पण एक प्रश्न विचारतो. पंप तर मागे हँडलपाशी आहे. काटा जवळपास चार फूट पुढे गेलेला, त्याच्या टोकाखाली छोटे रोलर. मग पुढचं टोक उचलतं कोण?

(सभागृहातून उत्तर : 'रोलर खाली येते'.)

बरोबर. पण त्याला खाली ढकलतं कोण? इथेच मुद्दा आहे. पंपाचा पाया मागच्या मोठ्या चाकांच्या आसावर बसलेला असतो, तो जमिनीपाशीच राहतो. रॅम वर जातो तो सगळा सांगाडा घेऊन. सांगाड्याच्या खालच्या बाजूला, काट्यांच्या मुळाशी, आडवा फिरता आस असतो आणि त्यावर कोनात जोडलेल्या पट्ट्या. त्या पट्टीचं एक टोक पंपाच्या पायाला बांधलेलं. सांगाडा वर निघाला, पाया खाली राहिला, की पट्टी फिरलीच पाहिजे. ती फिरली की दुसरं टोक काट्याच्या पोटातला लांब रॉड पुढे ढकलतं. रॉडचं पुढचं टोक रोलरच्या दांडीला लागलेलं आहे. दांडी खाली झुकते, रोलर जमिनीला रेटतो आणि काट्याचं टोक वर येतं. मागे जेवढी उचल, पुढे तेवढीच झाली पाहिजे. पट्ट्यांची लांबी आणि कोन त्यासाठीच ठरवलेले असतात. दोन्ही काट्यांचे रॉड एकाच आसावरून हलतात, म्हणून डावा-उजवा बरोबर चढतो. पुढच्या टोकाचं वजनही शेवटी याच वाटेने रॅमवर येतं. म्हणूनच मघाशी मी हिशेबात पूर्ण २५०० किलो रॅमवर धरले.

आता रॉडचं काय होतं ते पाहा. माल सारखा पसरला असेल तर निम्मा पुढे, म्हणजे एकेका काट्याच्या टोकाला ६२५ किलो. रोलरच्या दांडीचं आडवं अंतर १४० मिलिमीटर आणि रॉडची पकड, दांडी ज्या खुंटीवर फिरते तिच्यापासून, ४० मिलिमीटरवर धरली, तर रॉडवर येणारा रेटा साडेतीन पट, २२०० किलोच्या आसपास. आणि हा रेटा उचलीच्या सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो. तेव्हा दांडी जवळजवळ आडवी पडलेली असते. जसजशी ती उभी होत जाते, तसं आडवं अंतर घटतं आणि रॉड सुटकेचा श्वास घेतो. म्हणून पहिल्या दोन-तीन दाबांत खालून करकर आवाज आला तर पंपाकडे पाहू नका, रॉड जोडणाऱ्या पिनांकडे पाहा.

ढकलला जाणारा रॉड वाकू पाहतो. ओढला जाणारा तुटेल, पण वाकणार नाही. सळई जितकी लांब तितकी लवकर वाकते आणि हे प्रमाण वर्गाचं आहे : मध्ये आधार देऊन मोकळी लांबी निम्मी केली, तर सळई चौपट रेटा सहन करते. चांगल्या बनावटीच्या गाडीत काट्याच्या पोटात रॉडला मध्ये आधार किंवा पट्टी दिलेली सापडेल. स्वस्त गाडीत ती गाळतात आणि वरून रंग छान मारतात. विकत घेताना वाकून पाहायची जागा ही.

आणि एक गोष्ट मी जोर देऊन सांगतो. पंपात जादा वजनाला अडवणारा व्हॉल्व्ह असतो. २५०० च्या वर माल गेला की तेल परत टाकीत वळतं आणि काटा चढत नाही. मग कुणीतरी पाना घेऊन तो स्क्रू आवळतो, गाडी ३०००-३५०० उचलते आणि सगळे खूश होतात. पंप कदाचित सोसेल, पण रॉड सोसत नाही. एका बाजूचा रॉड वाकून टोकाटोकातलं अंतर नुसतं पाच मिलिमीटरने घटलं, तरी त्या बाजूच्या काट्याचं टोक साडेतीन पटीने, म्हणजे सतरा मिलिमीटरने खाली राहतं. दोन काट्यांच्या मध्यांत साधारण ३८० मिलिमीटर अंतर. त्यावर सहा फूट उंच क्रेटची थप्पी असेल, तर सगळ्यात वरचं क्रेट आठ सेंटिमीटर एका अंगाला झुकतं. त्या बाजूला चालणारा माणूस बहुधा वीस वर्षांचा पोरगा असतो. तो स्क्रू आवळणाऱ्याचा पाना काढून घ्या.

आता आपल्या भागाची अडचण. मागची चाकं १८० ते २०० मिलिमीटरची, पुढचे रोलर जेमतेम ८० चे, कारण त्यांना ८५ मिलिमीटरच्या काट्यात लपायचं आहे. लहान चाकाला छोटा उंचवटाही डोंगर असतो. पाच मिलिमीटरची कड चढायला ८० च्या रोलरला त्याच्यावरच्या वजनाच्या ५५ टक्के आडवा जोर लागतो. २०० च्या चाकाला ३३ टक्के. संत्र्याच्या आपल्या पॅलेटचे निम्मे, ४५० किलो पुढे धरले, तर क्षणभर २५० किलोची ओढ हवी. ती माणसात नाही. मग तो काय करतो? चार पावलं मागे जातो आणि धावत आणून आदळतो. तो दणका रोलरच्या पिनेतून दांडीत, दांडीतून रॉडमध्ये, रॉडमधून पट्टीत जातो. एका शेडमधल्या दादांनी मला नेमकं सांगितलं होतं : "मशीन तं चांगली हाय साहेब, पन दारातच अडते."

दारातच का? कारण आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट टाकलेलं पातळ काँक्रीट दोन पावसाळ्यांत सांध्यावर वर-खाली होतं. शहाबादी फरशी असेल तर एकेक कोपरा उचलला जातो. फळं आधी थंड करून घ्यायच्या, म्हणजे प्रीकूलिंगच्या, खोलीच्या उंबऱ्याला तर कड असतेच. म्हणून गाडीला दोष देण्याआधी जमीन पाहा. नवीन शेड बांधत असाल तर जमिनीखालची काळी माती काढून मुरूम भरा आणि नीट दाबून घ्या. जुन्या शेडमध्ये सांध्याची कड ग्राइंडरने उतरती करून घेतली, तरी रोलर आणि रॉड दोघांचं आयुष्य वाढतं. आणि गाडी घेताना पुढे एकेरीऐवजी जोड-रोलरची घ्या. दोन रोलर एका झुलत्या पट्टीवर असले की कडेवर एक वेळी एकच चढतो, त्याच्यावर वजन निम्मं असतं आणि काटाही निम्माच उचलला जातो. दणका बराच मरतो. जिनिंगवाल्यांसाठी एवढंच जोडतो की रुईचे तंतू रोलरच्या आसाभोवती गुंडाळून घट्ट बसतात, ग्रीस शोषून घेतात आणि रोलर फिरायचा थांबून घासू लागतो. रोज संध्याकाळी ते हुकने काढा.

पिनांचंही तसंच. रॉडच्या दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मिलिमीटर ढिलाई झाली, की टोकाची साडेतीन मिलिमीटर उचल गेली. बुश, म्हणजे पिनेभोवतीची नळी, बदलणं थोडक्या पैशांचं काम आहे, आपला टर्नर ते करून देतो. महिन्यातून एकदा सगळ्या निप्पलांना, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडांना, ग्रीस द्या. खोलीत पाणी फिरत असेल तर आठवड्याला. पंपाबद्दल दोनच गोष्टी. मे महिन्यात ४५ अंशांत तेल पातळ होतं, भरलेला काटा हळूहळू खाली बसू लागतो. तेव्हा सील तपासा आणि कारखान्याने सांगितलेल्या दर्जाचंच तेल भरा, ट्रॅक्टरचं उरलेलं नको. आणि हँडल मारूनही काटा दचकत चढत असेल तर आत हवा आहे : हँडलवरची लिव्हर काटा खाली उतरवण्याच्या स्थितीत धरून हँडल आठ-दहा वेळा मारा, हवा टाकीत निघून जाते.

(एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांनी विचारलं : 'पॅलेटच्या खालच्या फळ्या सारख्या तुटतात, लाकूड खराब आहे का?')

लाकूड बाभळीचं असलं तरी तुटेल. काय होतं ते समजून घ्या. रोलर खाली येतो तेव्हा त्याला जमीन हवी. पॅलेटच्या तळाला आडवी फळी असेल आणि रोलर नेमका तिच्यावर आला, तर वरून काटा वरच्या फळीला उचलतोय आणि खालून रोलर खालच्या फळीला दाबतोय. पंप ते पॅलेट आतून फाडतो. खिळे उपटतात ते याच्यामुळे. युरोपात चालणाऱ्या १२०० बाय ८०० च्या पॅलेटला तळाच्या फळ्या लांबीच्या दिशेने असतात, म्हणून अरुंद बाजूने शिरलेल्या काट्याच्या वाटेत काहीच येत नाही. तुमच्या सुताराने मजबुतीसाठी चारही बाजूंनी तळ बंद केला असेल. त्याला गाडी दाखवा. काट्याच्या मुळापासून रोलरच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून द्या, दोन काट्यांची बाहेरची रुंदी द्या आणि काटे जातात त्या दोन पट्ट्यांत तळाला आडवी फळी नको म्हणून खडूने आखून द्या. काटा पूर्ण आत गेल्याशिवाय हँडल मारायचं नाही, हे चालवणाऱ्याला सांगा. अर्धवट शिरलेल्या काट्याचा रोलर भलत्याच ठिकाणी उतरतो, तिथे फळी असली तर ती जाणारच.

गाडी इथे उलटी करून ठेवतो. ज्यांना पट्टी आणि रॉड कसे हलतात ते पाहायचं आहे त्यांनी पुढे या, पण बोटं पिनांपासून लांब ठेवा.