बेलिफाचा शेरा

[दृश्य: न्यायमंदिराचा दर्शनी भाग]

सुरसागराजवळचं हे न्यायमंदिर. 1896 सालची इमारत. बडोद्याची न्यायालयं कित्येक पिढ्या इथे भरली, आता ती दिवाळीपुऱ्यातल्या नव्या संकुलात आहेत. जागा बदलली, पण समन्स, म्हणजे प्रतिवादीला हजर राहून उत्तर द्यायला सांगणारा कोर्टाचा कागद, अजूनही 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणेच निघतं आणि तसंच बजावलं जातं.

[दृश्य: वकिलाचं टेबल]

हा दाखल व्हायला निघालेला दावा. वादपत्र म्हणजे वादीची लेखी तक्रार, खाली मजकूर खरा असल्याची पडताळणी, सोबत प्रतिज्ञापत्र, दस्तऐवजांची यादी, वकीलपत्र, कोर्ट फी. जितके प्रतिवादी, तितक्या वादपत्राच्या जादा प्रती. प्रत जोडल्याशिवाय समन्स जात नाही, त्यामुळे चार प्रतिवादी आणि तीन प्रती असल्या की चौथ्याचं तिथेच अडलं.

आता हा रकाना बघा. 'दांडिया बाजार, बडोदा.' बस, एवढाच पत्ता! जुन्या पोळीत, म्हणजे गल्लीतल्या दाट वस्तीत, एकाच आडनावाची पाच घरं निघतात. समन्स घेऊन जाणाऱ्या कोर्टाच्या माणसाने, म्हणजे बेलिफाने, कुणाचं दार वाजवायचं? वडिलांचं नाव, घर नंबर, पोळ, मजला, जवळची खूण, सगळं लिहायला हवं. मसुद्यावर आठ दिवस घालवणारे पत्त्यावर आठ मिनिटंही देत नाहीत, आणि मग 'पत्ता अपुरा' म्हणून समन्स परत येतं.

[दृश्य: रावपुऱ्यातला वाडा, लाकडी जिना]

बेलिफाच्या हातात दोन कागद आहेत. एक प्रतिवादीला द्यायचा. दुसरा अस्सल, त्याच्यावर पोचेची सही घेऊन तो कोर्टात परत न्यायचा.

"आजी, साहेब आहेत का घरी?"

"तो सुरतेला गेलाय. पंधरा दिवसांनी येईल."

आधी प्रतिवादीलाच गाठायचं असतं. तो घरी नसेल आणि लवकर भेटण्यासारखाही नसेल, तर सोबत राहणाऱ्या सज्ञान कुटुंबीयाला समन्स देता येतं. 1976 च्या दुरुस्तीपूर्वी हा कुटुंबीय पुरुषच असावा लागे. आजींची सही तेव्हा चालली नसती. घरकामाला येणाऱ्याला मात्र आजही चालत नाही, नोकर म्हणजे कुटुंबीय नव्हे असं संहितेतच लिहिलंय. सहीखाली नाव, नातं, तारीख, वेळ. कैफियतीचे, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराचे, 30 दिवस याच तारखेपासून मोजतात.

[दृश्य: कुलूप लावलेलं दार. निवेदन थोडं थांबतं.]

इथे खरी कसोटी. कुलूप दिसलं की समन्स चिकटवायचं आणि निघायचं, असं कायदा सांगत नाही. पुरेसा शोध घ्यावा लागतो. शेजारी विचारायचं, माणूस कधी येतो ते कळलं तर त्या वेळी पुन्हा यायचं. तरीही भेटला नाही, किंवा भेटून सही नाकारली, तरच बाहेरच्या दारावर प्रत लावायची.

मग शेरा. जवळून बघा: प्रत का लावली, घर कुणी दाखवलं, कुणासमोर लावली, त्यांची नावं आणि पत्ते. 'घर बंद, चिकटवले' एवढ्या तीन शब्दांवर कुणाला नोटीस मिळाली असं कोर्टाने कसं मानावं? असा शेरा लिहिणं म्हणजे न पाहिलेल्या माणसाच्या हक्कावर सही करणं आहे. शेऱ्यासोबत बेलिफाचं प्रतिज्ञापत्र नसेल, तर कोर्टाला त्याला शपथेवर तपासावंच लागतं. असेल तरीही तपासता येतं.

[दृश्य: पोस्टाची खिडकी, वर्तमानपत्र]

पोस्टानेही समन्स जातं. 'घेण्यास नकार' हा शेरा आला की बजावणी झाल्याचं कोर्ट जाहीर करतं. प्रतिवादी मुद्दाम टाळतोय असं कोर्टाला पटलं, तर त्या भागात खपणाऱ्या दैनिकात जाहिरात.

समन्स न बजावता परत आलं, तर वादीने 7 दिवसांत नवं मागायचं, नाहीतर दावा फेटाळला जाऊ शकतो. बजावूनही प्रतिवादी आला नाही, तर एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे त्याच्या गैरहजेरीतच निकाल, होऊ शकतो. तो रद्द करायच्या अर्जाला 30 दिवस, हुकूमनाम्याच्या तारखेपासून. समन्स नीट बजावलेलंच नसेल, तर हुकूमनामा कळल्याच्या तारखेपासून.