बादलीवरचं नाव

[दृश्य : कोल्हापूर, दसरा चौक. सकाळची वेळ, पावसाची रिपरिप. रहदारीच्या मधोमध शाहू महाराजांचा पुतळा.]

या चौकात उभं राहून नुसती मान फिरवली, तरी एक शब्द पुन्हापुन्हा वाचायला मिळतो. बोर्डिंग. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग. रोज इथून जाणाऱ्याला त्या पाट्या दिसतही नसतील. पण बाहेरगावाहून पहिल्यांदा शिकायला आलेलं पोर या पाट्यांकडे वेगळ्या नजरेनं बघतं. कारण त्याच्यापुढचा पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतो. आज रात्री पाठ कुठं टेकायची, हा असतो.

[दृश्य : एसटी स्टँड. रिक्षात सामान चढतंय.]

ही मुलगी आज वसतिगृहात राहायला चालली आहे. बीएस्सीचं पहिलं वर्ष. सामानात दोरीनं आवळलेली गादीची वळकटी, चाकांची बॅग, धान्याच्या पोत्यात भरलेली भांडी आणि एक लाल बादली. बादलीवर वडिलांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं तिचं नाव घातलंय. ब्रश जाड होता, त्यामुळे आडनाव लिहिताना जागा पुरली नाही. शेवटचं अक्षर खालच्या ओळीत एकटंच जाऊन बसलंय. रंग पुरता वाळला नव्हता, म्हणून ती बादली तिनं गाडीत मांडीवर धरून आणली.

तिच्या गावाहून रोज ये-जा करणं जमलं असतं का? घरात यावर महिनाभर चर्चा झाली. प्रॅक्टिकल संपतं साडेपाचला आणि गावची शेवटची गाडी सुटते त्याच्या आधी. एवढ्याशा कारणानं किती मुलींचं शिक्षण बारावीवर थांबलं असेल! गुण कमी पडले म्हणून नाही, गाडी मिळत नाही म्हणून.

[दृश्य : जुनी छायाचित्रं.]

सव्वाशे वर्षांपूर्वी हीच अडचण एका राजाच्या लक्षात आली होती. शाहू महाराजांनी 1894 मध्ये कारभार हाती घेतला. शाळा होत्या, राजाराम कॉलेज होतं. पण खेड्यातल्या शेतकऱ्याचं पोर तिथवर पोचत नव्हतं. शहरात ओळख नाही, खोली कोणी देत नाही, जेवणाची सोय नाही. शिक्षणाचं दार उघडं असूनही त्याला उंबऱ्याबाहेरच उभं राहावं लागत होतं.

1896 मध्ये सगळ्या जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढून पाहिलं गेलं. पण कागदावर सगळ्यांचं असलेलं ते घर प्रत्यक्षात सगळ्यांचं झालं नाही. मागासलेल्या समाजांची मुलं तिथं टिकेनात. मग महाराजांनी दुसरा रस्ता धरला. 18 एप्रिल 1901 रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग. 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग. 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. ते नाव मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरांच्या मुलीचं. लिंगायत, शिंपी, सारस्वत, एकेका समाजाचं वसतिगृह उभं राहत गेलं. महाराजांनी जागा दिल्या, इमारती दिल्या, वर्षासनं म्हणजे दरवर्षीची मदत लावून दिली. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात, ते यामुळे.

जातवार वसतिगृहं कशाला, असा प्रश्न आज पडतो आणि तो पडायलाच हवा. पण ज्या काळात एका विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्या काळात एका स्वयंपाकघरावर अडून बसलं असतं तर मुलं घरीच राहिली असती. महाराजांना मुलं आधी शहरात आणायची होती. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

एक पंगत व्हायला मात्र आणखी काही वर्षं लागली. आणि ती मांडणारा माणूस याच बोर्डिंगांतून शिकून गेला होता.

भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. ते मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेले. परत आल्यावर, आंघोळ करून मगच आत या, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं. कर्मवीरांच्या चरित्रातली ही गोष्ट आमच्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते.

त्याच भाऊरावांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. पुढं त्याला नाव दिलं गेलं शाहू महाराजांचं. इथं जातीची पाटी नव्हती. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली निजायची, एकत्र दळायची, रांधायची आणि एका पंगतीला बसून जेवायची. 1927 मध्ये गांधीजी ते बघायला आले होते.

आणि लक्ष्मीबाई. भाऊरावांच्या पत्नी. बोर्डिंगमधल्या मुलांच्या पोटासाठी त्यांचे दागिने एकेक करून गेले. एकदा तर घरात धान्य नव्हतं आणि हातात पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई त्या सगळ्या पोरांची आई झाली. महाराष्ट्रातल्या वसतिगृहांचा इतिहास लिहायचा तर सुरुवात इमारतींपासून न करता या माउलीपासून करावी, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य : वसतिगृहाचं ऑफिस. काउंटरपुढे पालकांची रांग.]

आता या रांगेत या. इथं सगळ्यांच्या हातात एकसारखी प्लास्टिकची फाइल असते. गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, फोटो. प्रत्येकाच्या झेरॉक्स. रॅगिंग करणार नाही, असं विद्यार्थ्याचं आणि पालकांचं हमीपत्र.

एक गोष्ट इथं स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण दरवर्षी कितीतरी घरं यात फसतात. कॉलेजला प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृहात जागा मिळाली, असं होत नाही. त्याचा अर्ज वेगळा, यादी वेगळी, मुदतही वेगळी. सरकारी वसतिगृहाचा अर्ज तर समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाकडे भरायचा असतो. तिथं नंबर लागला नाही तरी वाट बंद होत नाही. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी स्वयं या योजना आहेत. बाहेर खोली घेऊन राहण्या-जेवण्याचा खर्च त्यांतून भागवायला मदत होते. पण हे कळायला लागतं निकालाच्या आधी. ऑगस्टमध्ये कळून उपयोग नसतो.

[दृश्य : खोली. दोन कॉट, दोन टेबलं, भिंतीतलं कपाट.]

सामान किती आणावं? आई सगळं भरते. भरू द्यावं, तिचं मन त्यात असतं. पण खोलीत प्रत्येकाच्या वाट्याला येतं एक कॉट, अर्धं कपाट आणि खिडकीचा एक कोपरा. जे खरोखर लागतं ते साधं असतं. दोन कुलपं, एक कपाटाला आणि एक पेटीला, आणि जादाची किल्ली विश्वासाच्या माणसाकडे. कपडे वाळत घालायला दोरी. सुईदोरा. विजेरी. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. अंगाला सवयीची एक जुनी चादर. नव्या चादरीवर पहिल्या रात्री झोप लागत नाही, हे मी स्वतः भोगलंय.

आणि घरी असतानाच शिकून ठेवायच्या दोन-चार गोष्टी. आपले कपडे आपण धुणं. बँकेत किंवा फोनवर आपला व्यवहार आपण करणं. ताप आला तर कोणाला सांगायचं, हे आधीच ठरवणं. महिन्याच्या पैशातून पहिल्याच दिवशी मेसचे पैसे बाजूला काढणं. ज्याला हे येतं, त्याचा पहिला महिना पुष्कळ हलका जातो.

[दृश्य : संध्याकाळ. वडील गेटबाहेर. मुलगी गेटाच्या आत.]

वडील निघतात तेव्हा कोणी फारसं बोलत नाही. "पोचलो की फोन करतो." "पैसे जपून." "जेव वेळेवर." एवढंच. मग रिक्षा वळते.

पहिली रात्र अवघडच असते. पंख्याचा आवाज वेगळा, उशीची उंची वेगळी. पलीकडच्या कॉटवर एक अनोळखी मुलगी पाठ करून झोपलेली. तिलाही झोप लागलेली नाही, हे तिच्या श्वासावरून कळतं. पण बोलायचं कोणी आधी?

बऱ्याच वेळानं अंधारातून आवाज येतो, "सकाळी पाणी सहाला येतं म्हणे. उठवू का तुला?"

"उठव."

[दृश्य : मेस. ताटं, वाफाळणारं पातेलं, भिंतीवरचं वेळापत्रक.]

मेसबद्दल तक्रार न करणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. आमटी पातळ, चपाती कडक, आज पुन्हा बटाटा. मुलांनी जरूर बोलावं. बहुतेक ठिकाणी मेस कमिटी असते, तिच्यात नाव घालावं, आठवड्याचं वेळापत्रक ठरवताना हजर राहावं. गावाला जाताना खाडा, म्हणजे मेसमध्ये न जेवण्याचे दिवस, आधी लिहून ठेवावा. तोंडी सांगितलेला खाडा महिनाअखेरीला कोणाच्याच लक्षात राहत नाही. रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद, हे पहिल्याच आठवड्यात पोटाला कळतं.

आधीच्या पिढीनं याहून वेगळे दिवस काढलेत. गावाहून एसटीनं डबा यायचा. फडक्यात बांधलेली भाकरी आणि कोरड्यास. स्टँडवर जाऊन डब्यांच्या ढिगातून आपला डबा ओळखून काढायचा. गाडी चुकली की त्या दिवशी पाणी पिऊन झोप. ते डबे खाऊन शिकलेली माणसं आज साठीत आहेत. एसटी दिसली की त्यांचा हात अजून नकळत पुढे होतो, असं त्यांच्यापैकी एकांनी मला सांगितलं.

[दृश्य : खोली. दिवसाचे वेगवेगळे प्रहर.]

रूममेट आपण निवडत नाही. वसतिगृहाची खरी शिकवण तिथंच सुरू होते. एकीला दिवा लावून दोनपर्यंत वाचायचं असतं, दुसरी दहाला डोळे मिटते. एकीला पंखा पाचवर लागतो, दुसरीला थंडी वाजते. एक फोनवर मोठ्यानं बोलते. एकीच्या डब्यातल्या सुकटाच्या वासानं दुसरी नाक मुरडते. भांडणं मोठ्या तत्त्वांवरून होत नाहीत. ओला टॉवेल कॉटवर टाकला, म्हणून होतात.

यावर माझ्या पाहण्यातला एकच उपाय चालतो. पहिल्या आठवड्यात, मनं चांगली असताना, बसून ठरवायचं. दिवा कधी मालवायचा, केर कोणी कधी काढायचा, पाहुणी आली तर काय, कोणती वस्तू न विचारता घेतली तर चालेल आणि कोणती नाही. पुढं महिनाभर मनात साठवून एक दिवस फुटण्यापेक्षा त्याच दिवशी साध्या आवाजात सांगितलेलं बरं. तरीही जमलं नाही, तर वसतिगृह सांभाळणाऱ्या रेक्टरकडे जाऊन खोली बदलून मागण्यात काही कमीपणा नाही.

[दृश्य : रात्र. लांब व्हरांडा.]

काही गोष्टी मात्र जुळवून घ्यायच्या नसतात. ओळख करून घेण्याच्या नावाखाली कोणी रात्री खोलीवर बोलावतं, अपमान करतं, जात विचारतं, हात उचलतं. त्याला गंमत म्हणू नये. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा 1999 पासून आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. गुन्हा सिद्ध झाला तर त्या विद्यार्थ्याला कॉलेजमधून काढलं जातं आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. तक्रार आली की सात दिवसांत चौकशी करणं संस्थाप्रमुखाचं काम आहे. 1800-180-5522 हा देशभराचा मदत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. हा क्रमांक खोलीच्या दारामागे लिहून ठेवा.

आणि जो काही बोलत नाही, मेसला येणं सोडतो, वर्गात जात नाही, दिवसा झोपून राहतो, त्याच्याकडे बघा. त्याचं दार वाजवा. घरची आठवण बहुतेकांची महिन्या-दीड महिन्यात निवते. एखाद्याची निवत नाही, वाढत जाते. त्याच्यासाठी रेक्टर आहेत, समुपदेशक आहेत, पण ते दार आधी वाजवू शकतो तो शेजारच्या खोलीतला मुलगाच.

[दृश्य : नोव्हेंबर. दिवाळीची सुटी संपलेली. मुली पिशव्या घेऊन परत येताहेत.]

दिवाळीनंतरचा पहिला दिवस. प्रत्येकीच्या पिशवीत फराळाचा डबा. संध्याकाळी कोणी न ठरवताच व्हरांड्यात सतरंजी पसरली जाते आणि डबे उघडतात. पातळ पोह्यांचा चिवडा, भाजक्या पोह्यांचा, मक्याचा. एकीची चकली भाजणीची, एकीची तांदळाची. कोणाच्या घरी दिवाळी नसते, तिनं येताना नानकटाई आणलीय. कोणाच्या आईला यंदा काही करायला जमलं नाही. ती जरा मागेच उभी होती. पहिल्या रात्री सहाला उठवायचं कबूल केलेल्या तिच्या रूममेटनं हाताला धरून तिला ओळीत बसवलं. आपल्या डब्यातला करंजीचा मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला. बोलणं पेपरांचं, सिनेमाचं, घरी कोण काय म्हणालं याचं. कोण कुठल्या समाजाची, हे त्या ओळीकडे बघून सांगता येत नाही.

सकाळी नळावर सगळे डबे धुऊन उलटे घातलेले असतात, लाल बादलीच्या शेजारी. बादलीवरचा पांढरा रंग आता पोपडे धरून निघायला लागलाय. नुसतं खालच्या ओळीतलं ते एकटं अक्षर नीट वाचता येतं. मुली घाईत झाकणं लावून बघतात. कुठलं झाकण कुठल्या डब्याचं, ते काही केल्या लागत नाही.