चोवीस तासांचा हुकूम

श्रोतेहो, नमस्कार. परमुलखातून येऊन एखाद्या देशात वसलेली माणसे त्या देशाच्या युद्धकाळातील राजकारणाला वळण देऊ शकतात काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्यासाठी आपण गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तर व दक्षिणेकडील राज्यांत पेटलेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धाकडे, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळाकडे जाऊ.

१८४८ ची क्रांती फसल्यावर जर्मनीतून अनेक सुशिक्षित, गुलामगिरीचे कट्टर विरोधक अमेरिकेत आले. कार्ल शुर्त्स हे त्यांतले सर्वांत नामांकित. या मतदारांचे मोल पुढे अध्यक्ष झालेल्या अब्राहम लिंकन यांनी इतके ओळखले होते, की १८५९ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे एका जर्मन वृत्तपत्राचा छापखाना त्यांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतला आणि त्या पत्राने आपल्या रिपब्लिकन पक्षाचा पुरस्कार करावा, असा संपादकाशी रीतसर करार केला. पुढे युद्धात जर्मनीत जन्मलेले सुमारे दोन लाख सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले. दोन लाख! त्यांचे म्हणणे डावलणे कोणत्याही अध्यक्षाला परवडणारे नव्हते.

ज्यू मात्र थोडे होते. साऱ्या देशात मिळून दीड लाखाच्या आसपास, आणि त्यांतले बहुतेक जर्मन भाषक मुलखांतूनच आलेले. संख्येचे बळ नसलेल्यांनी काय करावे? याचे उत्तर देणारी एक हकिकत मला सांगायची आहे.

युद्धामुळे उत्तरेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात कापसाचा चोरटा व्यापार फोफावला. त्यात सर्व धर्मांचे व्यापारी होते, लष्करी अधिकारीही होते. उत्तरेचे सेनापती युलिसिस ग्रँट यांचे स्वतःचे वडील सिनसिनाटीच्या ज्यू व्यापाऱ्यांशी भागीदारी करून कापसाचा परवाना मागायला मुलाच्या छावणीत आले होते. त्याच सुमारास, १७ डिसेंबर १८६२ रोजी, ग्रँट यांच्या छावणीतून अकरा क्रमांकाचा हुकूम सुटला: ज्यू लोकांनी, एक वर्ग म्हणून, चोवीस तासांच्या आत ग्रँट यांच्या लष्करी विभागातून निघून जावे. श्रोतेहो, ‘एक वर्ग म्हणून’ हे शब्द ध्यानात ठेवा.

दक्षिणेच्या घोडदळाने तारा तोडल्यामुळे हुकूम सगळीकडे लगेच पोहोचला नाही. केंटकी राज्यात, ओहायो नदीकाठच्या पदूका गावी तो २८ डिसेंबरला बजावला गेला. तिथल्या सुमारे तीस ज्यूंना घरदार, दुकाने सोडून बोटीने जावे लागले. उत्तरेच्या सैन्यात नोकरी करून आलेले दोघे जणही त्यांत होते. त्या गावचे व्यापारी सीझर कास्केल हे प्रशिया या जर्मन राज्यातून आलेले. त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी लिंकन यांना तार केली, आणि तारेवर न विसंबता कास्केल स्वतः वॉशिंग्टनला निघाले. वाटेत सिनसिनाटीला थांबून त्यांनी प्रतिष्ठितांची पत्रे घेतली. पत्रांसोबत त्यांच्याजवळ आणखी एक कागद होता: खुद्द त्यांच्या नावाने निघालेला, चोवीस तासांत पदूका सोडण्याचा हुकूम.

३ जानेवारी १८६३ रोजी अमेरिकेच्या संसदेतील ओहायोचे प्रतिनिधी गर्ली त्यांना लिंकन यांच्याकडे घेऊन गेले. गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघून तेव्हा दोनच दिवस झाले होते. लिंकन यांना ग्रँटच्या हुकमाची वार्ताही नव्हती. कास्केल यांनी कागद पुढे ठेवले, लिंकन यांनी वाचले आणि सरसेनापती हॅलेक यांना सांगून हुकूम रद्द करविला. पुढे हॅलेक यांनी ग्रँट यांना कारण कळविले, ते मला फार मोलाचे वाटते: या हुकमाने एका संपूर्ण धर्माच्या लोकांवर बंदी घातली होती, आणि त्यांतले काही जण तर आपल्याच सैन्यात लढत होते.

पाहा, ‘एक वर्ग म्हणून’ या शब्दांवरच हुकूम रद्द झाला. एका निर्वासित व्यापाऱ्याने अध्यक्षांच्या मेजावर ठेवलेल्या कागदामुळे लष्कराला माघार घ्यावी लागली. त्याला संख्याबळ लागले नाही. मात्र तारेच्या उत्तराची वाट पाहत कास्केल नदीकाठी बसून राहिले असते, तर किती कुटुंबे उघड्यावर पडली असती, या विचाराने मी अस्वस्थ होतो.

१८६८ मध्ये ग्रँट अध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हा या हुकमाचा विषय निवडणुकीत पुन्हा निघाला. प्रत्येक माणसाची पारख त्याच्या स्वतःच्या गुणांवर व्हावी, अशी आपली इच्छा असल्याचे त्यांनी एका पत्रात लिहिले. ते निवडून आले आणि त्यांनी अनेक ज्यूंना सरकारी पदांवर नेमले. जून १८७६ मध्ये वॉशिंग्टन येथे जर्मन ज्यूंनी उभारलेल्या अदास इस्रायल या प्रार्थनामंदिराच्या उद्घाटनाला अध्यक्ष ग्रँट आले, तीन तासांचा विधी संपेपर्यंत बसून राहिले आणि मंदिरासाठी दहा डॉलरची देणगी देऊन गेले.