इंजिन हेलकावे खातंय: जुन्या गार्डन ट्रॅक्टरचा गव्हर्नर

(दृश्य: उरुळी कांचन, नर्सरीची शेड. ट्रॅक्टर सुरू.)

आवाज ऐका. रेस चढते, पडते, परत चढते. फिटर म्हणतात, इंजिन हंटिंग करतंय. हे कोलर कंपनीचं के-३०१ इंजिन. एक सिलिंडर, १२ हॉर्सपॉवर, ब्लॉक ओतीव लोखंडाचा. असं धूड भंगारात काढायचा सल्ला फुकट मिळतो. तो देणाऱ्याने बॉनेट उघडून पाहिलेलं नसतं.

(दृश्य: कार्बोरेटर, जवळून.)

आधी चोक अर्धा ओढायचा. हेलकावे थांबले, तर गव्हर्नर, म्हणजे रेस स्थिर ठेवणारी यंत्रणा, निर्दोष आहे. मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, कचरा असेल किंवा कार्बोरेटरच्या पॅकिंगमधून हवा ओढली जात असेल. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ही इंजिनं साध्या पेट्रोलवर बेतलेली, त्यामुळे मेन जेटची सुई किंचित जास्त उघडावी लागते. सुई बंद करताना आवळू नका, टोकाला खाच पडते.

चोक ओढूनही फरक पडला नाही? मग इंजिन बंद. रेसचा लिव्हर पूर्ण वर. बटरफ्लाय, म्हणजे कार्बोरेटरमधली मिश्रण सोडणारी झडप, आता सताड उघडा हवा, कारण उघडायचं काम स्प्रिंगचं. बंद करतात ती आतली वजनं: वेग वाढला की बाहेर फेकली जातात, गव्हर्नरचा शाफ्ट फिरवतात, त्यावरचा आर्म (दांडा) बटरफ्लाय ओढून घेतो. या दोघांची रस्सीखेच बरोबरीत राहिली, की रेस स्थिर.

(दृश्य: हात, पक्कड, शाफ्टचं टोक.)

इथे नीट बघा. ब्लॉकमधून बाहेर आलेला हा गव्हर्नर शाफ्ट, त्यावर नटाने आवळलेला आर्म. आर्म शाफ्टवर सरकला, की सगळा हिशेब चुकतो. नट ढिला करायचा, काढायचा नाही. आर्म कार्बोरेटरपासून लांब ओढून धरायचा, म्हणजे बटरफ्लाय पूर्ण उघडतो. तसाच धरून शाफ्टचं टोक पकडीने घड्याळाच्या उलट दिशेला फिरवायचं, आत टेकेपर्यंत. टेकला की जोर नको. आता नट आवळा. दुसऱ्या कंपनीच्या इंजिनात दिशा वेगळी असू शकते. नियम एकच: बटरफ्लाय उघडताना आर्म ज्या बाजूला वळतो, त्याच बाजूला शाफ्ट.

शाफ्ट कुठेच न टेकता गरगर फिरला, तर आतला गव्हर्नर गिअर किंवा त्याची पिन गेली. मग ऑइल काढून इंजिन खोलायचं, आणि तुकडे शोधून बाहेर काढायचे.

(दृश्य: स्प्रिंग, आर्मवरची भोकं.)

बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात स्प्रिंगांचा ढीग मिळतो. हुक बसला म्हणजे स्प्रिंग बसली, असं नसतं. तारेची जाडी आणि वेढे मूळच्यासारखेच हवेत. आर्मवर भोकांची ही रांग उगाच नाही. स्प्रिंग शाफ्टच्या जवळच्या भोकात घेतली, की गव्हर्नर तरतरीत होतो. फार जवळ गेली तर पुन्हा हंटिंग. लांब नेली की रेस शांत, पण गवत दाट लागलं की इंजिन बसतं. एका वेळी एकच भोक बदला. आर्म आणि बटरफ्लाय जोडणाऱ्या लिंकची टोकं झिजून ढिली झाली असतील, तर कुठलंच भोक कामाला येणार नाही.

(दृश्य: टॅकोमीटर.)

लोडशिवाय पूर्ण रेसला मिनिटाला ३६०० फेरे. त्याच्या वर नाही. स्प्रिंग ताणून जादा रेस काढली, तर अ‍ॅल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडतो.

आता गवत कापायचं पातं जोडून बघायचं. रेस क्षणभर दबते, लगेच सावरते. काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये (वाटीत) पेट्रोल साचून राहिलं, की पुढच्या वेळी तोच जेट पुन्हा तुंबतो.